तोंड भरून बोलायला कुणीतरी

हे सावकाश वाचायचं आहे. मधे उठून चहा करून आलात तरी चालेल. आधी एक करा: ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय असं एक माणूस मनात आणा. भांडण झालेलं असलंच पाहिजे असं नाही. धाकटा भाऊ असेल, जाऊ असेल, ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारा असेल, गावी एकटे राहणारे चुलते असतील. चेहरा नीट डोळ्यांसमोर आला की पुढचा प्रश्न विचारा. त्या माणसाशी बोलायला आपल्याकडे विषय काय आहे? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, की पहिला शब्द कोणता असेल?

बहुतेकांचं घोडं या पहिल्या शब्दाशीच अडतं. फार मोठ्यांचंही अडलेलं आहे.

नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) गोदावरीच्या काठी पुणतांबा नावाचं गाव आहे. शिर्डीकडे जाणारा रेल्वेचा फाटा तिथून फुटतो, म्हणून पुष्कळांना ते नुसतं स्टेशन म्हणून माहीत असतं. तिथे चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षं जगलेले, वाघावर बसून हातात सापाचा चाबूक घेऊन निघालेले ते चांगदेव. मला वाघापेक्षा त्यांच्या पत्राची गोष्ट जवळची वाटते. ज्ञानदेवांना पत्र लिहायला बसले आणि मायन्यातच अडकले. समोरचा पोरगेला, तेव्हा ‘चिरंजीव’ लिहायला हवं. पण अधिकार मोठा, म्हणजे ‘तीर्थरूप’ लिहायला हवं. दोन्ही पटेना. शेवटी कोराच कागद धाडला.

चौदाशे वर्षांचे झाले तरी कोरेच राहिले, असा टोला मुक्ताबाईंनी तो कागद पाहून हाणला म्हणतात. कीर्तनात या जागी हशा पिकतो आणि बुवा पुढे जातात. आपण पुढे जायला नको. कागद कोरा का राहिला ते पाहू. चांगदेवांना विषय ठाऊक होता, विचारायचंही पुष्कळ होतं. अडलं ते समोरच्याची उंची आणि आपली उंची यांच्या हिशेबात. हिशेब जुळेपर्यंत बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं नव्हतं, पण झालं तसंच.

आता मघाशी मनात आणलेल्या माणसाकडे पुन्हा बघा. तुमच्या दोघांमध्ये कोणतं मोजमाप आड येतंय? वय असेल, पगार असेल, कुणाची मुलं कुठे शिकली ते असेल. सगळ्यात चिवट मोजमाप म्हणजे ‘मागच्या वेळी मीच फोन केला होता’. त्यावर काही उपाय करायचा नाही. ते मोजमाप चूक आहे असंही स्वतःला सांगायचं नाही. नुसतं दिसू द्या, की हे इथे आहे.

कोऱ्या कागदाला निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी उत्तर दिलं, पासष्ट ओव्यांचं. तीच ‘चांगदेव पासष्टी’. तीत एका जागी ज्ञानदेव स्वतःला आणि चांगदेवांना समोरासमोर ठेवलेल्या दोन डोळस आरशांची उपमा देतात. आरशाने आरशात पाहिलं तर कोण कुणाला पाहतोय आणि मोठा कोण, हा प्रश्न उरतच नाही. चांगदेवांची अडचण एका फटक्यात निकालात निघाली.

उत्तर थोर आहे, तरी माझी त्यावर एक तक्रार आहे. ती ज्ञानदेवांनीच आधी दुसरीकडे करून ठेवलीय म्हणून बोलायचं धाडस करतो. दोन आरसे समोरासमोर आले, मग बोलायचं कुणी आणि कुणाशी?

ती दुसरी जागा नेवासा. नगरहून साठेक किलोमीटर, संभाजीनगरच्या रस्त्यावर नेवासा फाटा लागतो, तिथून आत वळलं की प्रवरेकाठचं गाव. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290, या वर्षी इथे ज्ञानदेवांनी गीतेवरचं निरूपण केलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतलं. ज्या दगडी खांबाला ते टेकले होते म्हणतात तो आजही मंदिरात उभा आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘पैस’ या पुस्तकाचं नाव या पैसाच्या खांबावरूनच आलंय. खांब पाहणारे बहुतेक लोक टेकणाऱ्याचा विचार करतात. आपण समोर बसलेल्यांचा करू.

कारण ज्ञानेश्वरी हे एकट्याचं बोलणं नाही. सगळ्यात आत श्रीकृष्ण आणि अर्जुन बोलताहेत. ते संजय धृतराष्ट्राला सांगतोय. ते सगळं ज्ञानदेव नेवाशाच्या श्रोत्यांना सांगताहेत, थोरला भाऊ आणि गुरू असलेले निवृत्तिनाथ समोर बसलेले आहेत. आणि एकजण लिहून घेतोय. एकच विषय, पण प्रत्येक जोडीत त्याची तऱ्हा वेगळी.

धृतराष्ट्रापासून सुरुवात करू, कारण तो आपल्याला सर्वांत सोपा जातो. अख्ख्या गीतेत तो एकदाच बोलतो. पहिल्याच श्लोकात विचारतो, माझ्या पोरांनी आणि पांडूच्या पोरांनी काय केलं? नंतर सातशे श्लोकांत त्याचा शब्द नाही. त्याला निकाल हवा होता. नवव्या अध्यायाच्या शेवटाकडे संजय भरून येऊन सांगतोय आणि म्हातारा ढिम्म बसलाय, पुराच्या पाण्यात म्हैस बसून राहावी तसा. ही उपमा ज्ञानदेवांची. म्हशीला पाणी चढतंय ते कळत नाही असं नाही, तिला उठायचं नसतं.

आपण कुणापुढे असे बसलो होतो? मुलगी शाळेतली काही हकिगत रंगवून सांगत होती आणि आपण ‘मार्क किती?’ एवढ्यासाठीच थांबलो होतो, असं काही? बायको दवाखान्यातला सगळा प्रकार सांगत होती आणि आपण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे ना?’ म्हणून मोबाइल उचलला? आठवलं तर एकच प्रसंग धरा. यादी करत बसलात तर पश्चात्तापाचा कार्यक्रम होईल, आणि पश्चात्तापात माणूस पुन्हा स्वतःशीच बोलत असतो.

संजयाचं मला अधिक कौतुक आहे. ऐकणारा ढिम्म आहे हे दिसत असूनही तो चिडत नाही. मनात म्हणतो, की माझं भाग्य थोर; याला वृत्तांत सांगायच्या निमित्ताने व्यासांनी मला इथे बसवलं म्हणून हा संवाद माझ्या कानी पडला. ऐकणारा न ऐकणाराच निघाला, तरी त्याच्यामुळे विषयाशी माझी गाठ पडली. कोरड्या वर्गापुढे वर्षानुवर्षं जीव तोडून शिकवणाऱ्या मास्तरांना हे लगेच समजेल.

पण सगळ्या ग्रंथात मी ज्या जागी पुनःपुन्हा जाऊन बसतो ती सहाव्या अध्यायात आहे. श्रीकृष्ण अर्जुनाला योग सांगताहेत. विषय असा, की तो पूर्ण कळला तर सांगणारा आणि ऐकणारा असा भेदच उरू नये. तो घास तोंडाशी आणून देव मधेच बिचकतात. ज्ञानदेव म्हणतात, देवांच्या मनात आलं: हे आत्ताच सगळं सांगितलं आणि याचा मीपणा गेला, हा माझ्यातच मिळून गेला, तर मी एकट्याने करायचं काय? ज्याला पाहून डोळे निवावेत, ज्याच्याशी तोंड भरून बोलावं, ज्याला घट्ट मिठी मारावी, असं मग कोण राहणार? म्हणून ब्रह्मज्ञान पुरतं उघडं न करता थोडं आडपडद्यानेच सांगायचं ते ठरवतात.

घाईने वाचलं तर ही भक्ताची लाडीगोडी वाटते. थांबून पाहा. सांगणाऱ्याकडे जगातला सगळ्यात मोठा विषय आहे, तो सांगण्याची ताकद आहे, ऐकणारा अधीर आहे. तरी सांगणारा हात आखडता घेतो, कारण विषय पूर्णपणे जिंकला तर माणूस हातचा जाईल. आणि माणूस सांभाळायचा म्हणून तो विषय सोडूनही देत नाही. पुढे बारा अध्याय बोलत राहतो. शेवटी अठराव्यात तो अर्जुनाला मिठी मारतो तेव्हा ज्ञानदेव आवर्जून सांगतात, की दोघांचं दोनपण न मोडता त्याला आपल्यासारखं केलं.

दोनपण न मोडता. आपल्या रोजच्या बोलण्यात हे किती अवघड जातं ते बघा. आपण ‘पटवून’ द्यायला निघतो. ‘पटलं ना?’ हे वाक्य आपल्या तोंडी दिवसातून कितीदा येतं! समोरच्याने मान डोलवली की आपल्याला बरं वाटतं, कारण तिथे क्षणभर दुसरं कुणी राहिलेलं नसतं, आपणच असतो. आयुष्यभर बायकोला सगळं पटवत आलेले आणि म्हातारपणी ‘ही काही बोलतच नाही’ म्हणून कुरकुरणारे गृहस्थ आपल्या सगळ्यांच्या नात्यागोत्यात आहेत. बोलायला त्यांनी कुणी शिल्लकच ठेवलेलं नसतं.

मनातल्या त्या माणसाची, तुमच्याशी न जुळणारी एक गोष्ट समोर ठेवा. त्याचं राजकारण, त्याची देवपूजा किंवा देव न मानणं, पैसे खर्च करण्याची त्याची पद्धत, काहीही. आता मनाशी धरून चला, की ती गोष्ट कधीच बदलणार नाही. मग त्याच्याशी बोलावंसं वाटतं का? वाटत असेल तर कशाबद्दल? वाटत नसेल तर आजवर आपण त्याच्याशी बोलत होतो की त्याला दुरुस्त करत होतो? या प्रश्नाजवळ थोडा जास्त वेळ बसायला हरकत नाही. मला बसावं लागतं.

नेवाशाच्या श्रोत्यांचं राहिलंच. ते मुकाट बसलेले नव्हते. ज्ञानदेव त्यांच्याकडे अवधान मागतात. चंद्रकांत मणी पाझरतो खरा, पण ती करामत चंद्राची, तसा श्रोत्यांवाचून वक्ता हा वक्ताच नव्हे, असं स्वच्छ म्हणतात. श्रोतेही आता मूळ विषयाकडे वळा म्हणून सुचवतात. एकदा तर गुरुस्तुती फार लांबते तेव्हा ज्यांची स्तुती चाललीय ते निवृत्तिनाथच ती आवरायला आणि ग्रंथाचा अर्थ पुढे सांगायला फर्मावतात. आपली स्तुती चालू असताना ‘विषयावर या’ म्हणणारा माणूस सभेत भेटणं कठीण. आभारप्रदर्शनाची भाषणं ज्यांनी बसून ऐकलीत त्यांना याची किंमत कळेल.

तेव्हा आता विषयाकडे येऊ. बोलण्यात तोही एक हजर असतो आणि त्याचीही एक बाजू असते. दोघे बोलतात तेव्हा तिथे तिसरा कुणी नसला, तर दोघे एकमेकांनाच विषय करून टाकतात आणि शब्दाने शब्द वाढतो. ‘तू नेहमी असंच करतोस’ इथे गाडी आली की समजावं, मूळ विषय कधीच उठून गेला.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार हे पावसाच्या तुटीच्या पट्ट्यातलं गाव. पाणलोटाच्या कामांसाठी ते नावाजलं, सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांना पद्मश्री मिळाली, हे सगळ्यांना माहीत आहे. मला त्यातली बोलण्याची बाजू पाहायची आहे. तिथे पाऊस मोजतात, विहिरींच्या पातळ्या मोजतात आणि त्या हिशेबाने ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. माणसांना किती, जनावरांना किती, मग पिकांना किती आणि कोणत्या. पाऊस कमी तर उन्हाळी पिकाला कात्री. शेतीला बोअर घ्यायची नाही आणि उसाच्या वाटेला जायचं नाही, हेही गावानेच ठरवलेलं. भावकी, बांधाची भांडणं, जुने हेवेदावे कोणत्या गावात नसतात? पण पावसाचा आकडा कुणाचाच चुलतभाऊ नाही. तो समोर मांडला की एकमेकांकडे रोखलेल्या नजरा त्याच्याकडे वळायला जागा मिळते. तिथे बोलणारा ‘तू पाणी चोरतोस’ने सुरुवात करत नाही, ‘पाणी एवढं आहे’ने करतो. पुढे वाद होतोच, व्हावाच. फक्त तो कशाबद्दल आहे ते सगळ्यांना दिसत असतं.

घरात असा आकडा कुठून आणायचा, असं कुणी म्हणेल. आईच्या औषधांची चिठ्ठी असते, वाटणीचा सातबारा असतो, मुलाची वही असते. ती वस्तू दोघांच्या मधे ठेवून दोघांनी एका बाजूला बसून पाहता येते. करून बघायला काही खर्च नाही. पुढच्या कटकटीच्या वेळी समोरासमोर बसण्याऐवजी शेजारी बसा, बस.

विषय माणसाला गिळूनही टाकतो, हे मात्र विसरायला नको. फाइलीत डोकं घालून बोलणारा डॉक्टर, लग्नाच्या पंगतीत शेअरबाजार समजावणारा मेहुणा. यांना विषय येतो, खूप येतो. समोर कोण बसलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

माणूस आणि विषय यांची ही ओढाताण एकाच छपराखाली, जवळजवळ पावणेतीन वर्षं चाललेली मला दिसते ती नगरच्या भुईकोट किल्ल्यात. 9 ऑगस्ट 1942 ला पहाटे मुंबईत धरपकड झाली आणि काँग्रेस कार्यकारिणीचे नेते रेल्वेने नगरला आणून किल्ल्यात कोंडले गेले. बारा जण: नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई, कृपलानी, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. बाहेर चळवळ पेटलेली आणि आत तेच चेहरे, तेच आवार, तेच जेवण. ज्या ‘छोडो भारत’ ठरावासाठी आत आले त्याच्याबद्दलही सगळ्यांची मनं एकसारखी नव्हती. आझादांनी आपल्या शंका पुढे लिहूनही ठेवल्या. भांड्याला भांडं लागणार नाही असं होणं शक्यच नव्हतं.

त्यांनी केलं काय? बाग केली. वाचलं. नरेंद्र देव बौद्ध तत्त्वज्ञानातल्या ‘अभिधर्मकोशा’च्या अनुवादाला बसले. पट्टाभींनी रोजनिशी लिहिली. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं आणि ते किल्ल्यातल्या सहबंद्यांना अर्पण केलं. प्रस्तावनेत ते त्या सोबतीबद्दल लिहितात. भारतातल्या बहुतेक मुख्य भाषा त्या आवारात होत्या, संस्कृत, पाली, अरबी, फारसीसुद्धा, आणि आधुनिक भाषांत मराठीही. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांच्याशी झालेल्या बोलण्याचा विशेष फायदा झाल्याचं ते नाव घेऊन नोंदवतात. इतक्या मोठ्या देशाचा इतिहास हाताशी मोजकी पुस्तकं असताना लिहायचा, तर ‘पंतजी, हे कसं?’ असं विचारायला दाराबाहेर माणूस असणं म्हणजे काय असेल, याची कल्पना करून बघा. विषयाने त्या माणसांना एकमेकांजवळ खेचलं असणार. आणि त्या माणसांमुळे विषय दाट झाला, हे तर नेहरूच सांगतात.

याच किल्ल्यात आझाद पहाटे तीन-चारला उठत, स्वतःच्या हाताने चिनी चहा करत, बिनदुधाचा, आणि एका दूरच्या मित्राला पत्र लिहीत. मित्राचं नाव हबीबुर्रहमान खान शेरवानी. ही पत्रं तुरुंगातून जाणार नाहीत हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. सुटकेनंतर 1946 मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली. दिवसा अकरा जण सोबतीला होते. तरी पहाटे मनातलं बोलायला जो हवा होता तो तिथे नव्हता.

तुम्हीही कुणाशी तरी असं मनातल्या मनात बोलत असाल. आंघोळ करताना, गाडी चालवताना, झोप लागत नसताना. त्या बोलण्याकडे जरा कान द्या. समोरचा कधी असं काही बोलतो का, की जे तुम्हाला अपेक्षित नव्हतं? मनातला भाऊ, मनातला साहेब, मनातली सासू नेहमी आपण लिहून दिलेलीच वाक्यं म्हणतात. ‘तो असंच म्हणेल, मला माहितीये’ असं आपण ज्याच्याबद्दल छातीठोक सांगतो, त्याच्याशी आपलं खरं बोलणं कधी झालं होतं? आझादांना निदान भान होतं, की ही पत्रं पोहोचत नाहीत. आपल्याला वाटतं, पोहोचली.

त्याच पत्रांत चिमण्यांची एक लांबलचक गंमत आहे. चिमण्यांनी आझादांच्या खोलीत घरटी मांडली, काड्या-कचरा खाली पडू लागला. मौलानांनी आधी युद्ध पुकारलं. हाकलून हाकलून दमले तेव्हा तह केला. जमिनीवर तांदळाचे दाणे टाकायचे आणि जराही न हलता बसायचं. आधी दाणे लांब. मग जवळ. मग आणखी जवळ. शेवटी त्या तळहातावरचे दाणे टिपू लागल्या. काँग्रेसचा अध्यक्ष हात पुढे करून पुतळ्यासारखा बसलाय, चिमणी येते की नाही याची वाट पाहत. विश्वास मिळवायच्या कामात हालचाल किती कमी करावी लागते, हे मला दुसरीकडे कुठे इतकं स्पष्ट दिसलेलं नाही.

आणि एप्रिल 1943. आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. सरकारकडे काही मागायचं असेल तर पोहोचवतो, असं तुरुंग-अधीक्षकाने सुचवलं. आझादांनी नकार दिला. नेहरू त्यांच्याशी बोलायला आले, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. 9 एप्रिलला बेगम गेल्या. त्याआधी बोलायला आले तेव्हा नेहरूंनी नेमकं काय म्हटलं असेल? कसा आवाज लावला असेल? एका मित्राची बायको मरणाला टेकलीय आणि दुसऱ्या मित्राच्या हातात त्याचा निर्धार बदलण्यासारखं काही नाही. तिथे विषय आहे, पण काढता येत नाही. माणूस आहे, पण जवळ घेता येत नाही. तरी उठून त्याच्या खोलीत जायचं. ते गेले, एवढंच.

आपण कुणाकडे जायचं टाळलं, केवळ ‘काय बोलणार?’ म्हणून? दहाव्या-बाराव्याला न गेलेलं घर आठवलं तर तिथे थोडा वेळ मनाने जाऊन बसा. तिथे बोलायची गरज नाही.

न बोलण्याचंही नगरला एक मोठं ठाणं आहे. शहराच्या दक्षिणेला, दौंडच्या रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद. 10 जुलै 1925 ला मेहेरबाबांनी इथे मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. साडेत्रेचाळीस वर्षं. पण या मौनात त्यांनी बोलणं थांबवलं नाही, ही त्यातली खरी गंमत. कितीतरी वर्षं ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवत आणि शेजारचा शिष्य ती अक्षरं जुळवून मोठ्याने वाचत असे. 1954 मध्ये पाटीही सोडली, मग नुसत्या खुणा. ‘गॉड स्पीक्स’ हा त्यांचा ग्रंथ पाटीवरूनच सांगितलेला. त्यांची शिकवण मान्य असो वा नसो, पाटी वाचणाऱ्या शिष्याची जागा मात्र पाहण्यासारखी आहे. बोट पुढे कोणत्या अक्षरावर जाईल हे त्याला आधी ठरवता येत नाही. अंदाजाने शब्द पुरा केला आणि बोट भलतीकडे वळलं तर शब्द सोडून द्यावा लागतो. समोरच्याचं वाक्य त्याच्या तोंडातून काढून घेऊन आपणच संपवायची जी सवय आपल्या सगळ्यांना आहे, तिच्यावर याहून कडक पथ्य कुणी घातलं नसेल. आज कुणाशीही बोलताना एकच करून पाहा. त्याचं वाक्य त्यालाच संपवू द्या. त्याला शब्द सापडत नसला तरी पुरवू नका. दोन-चार सेकंदं जातील, अवघड वाटेल. मग जो शब्द येईल तो ऐका.

नेवाशाला जाणं झालं तर खांब पाहून लगेच परत फिरू नका. ज्ञानेश्वरीची प्रत सोबत असू द्या, सार्थ असेल तर उत्तमच. सहावा अध्याय उघडा. शंभर ओव्या ओलांडल्या की थोड्याच पुढे ती जागा येते, जिथे देवाला तोंड भरून बोलायला कुणीतरी हवं असतं. त्या दहा-बारा ओव्या मोठ्याने वाचा, आणि एकट्याने वाचू नका. ज्याच्याशी तुमचं पुरतं जुळत नाही अशा कुणाला तरी बरोबर घेऊन जा. एकाने ओवी वाचावी, दुसऱ्याने अर्थ सांगावा, आणि अर्थावरून वाद झाला तर तो तिथे न मिटवता गाडीत बसून नगरपर्यंत चालू ठेवावा. रस्ता तासाभराचा आहे.